दुसऱ्याचा वर्ग पाहण्याची सोय

आंतरराष्ट्रीय शाळांकडून आपण काय घ्यावं, असा विषय नगर जिल्ह्यात निघाला की बोलणं लगेच इमारत, बस, संगणक कक्ष आणि इंग्रजीकडे वळतं. तालुक्याच्या गावी 'इंटरनॅशनल' असा फलक लावलेली शाळा आता नवलाची राहिलेली नाही. अशा बऱ्याच शाळा राज्य मंडळाचा नाहीतर सीबीएसईचाच अभ्यासक्रम शिकवतात. खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणावा असा आयबीचा अभ्यासक्रम 1968 मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा आहे. तो शिकवणाऱ्या शाळांचं शुल्क, ग्रंथालयं, परदेशी विद्यापीठांत जाणारी त्यांची मुलं यांवर पुष्कळ लिहिलं जातं. त्यांच्या मान्यतेच्या अटींमधल्या एका अटीकडे मात्र शिक्षकांशिवाय कुणाचं फारसं लक्ष जात नाही. शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापनाचं नियोजन करावं, झालेल्या कामाचा एकत्र विचार करावा आणि त्यासाठी शाळेने वेळ राखून ठेवावा, अशी ती अट आहे. शाळेचं मूल्यमापन होतं तेव्हा या वेळाचीही विचारणा होते. शाळेत शिकवताना आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत बसताना माझं मत पक्कं होत गेलं आहे, की आपल्या शाळांनी तिथून घ्यावं ते हेच. इमारतीला पैसा लागतो, तो आपल्या हातात नाही. आठवड्यातला एखादा तास शिक्षकांनी एकमेकांच्या अध्यापनासाठी ठेवायचा की नाही, हे ठरवणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

हे इतकं महत्त्वाचं का, ते शिक्षकाच्या कामाचं स्वरूप पाहिलं की कळतं. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये आलेल्या 'स्कूलटीचर' या पुस्तकात शाळेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती. प्रत्येक वर्ग आपल्या खाचेत वेगळा आणि सुरक्षित, शेजारच्या खाचेत काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शाळांविषयीचं हे निरीक्षण आपल्याकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळांना आणखी जास्त लागू पडतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. जामखेड, कर्जत, पारनेर, अकोले अशा तालुक्यांत द्विशिक्षकी शाळा भरपूर. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एक जण तालुक्याला बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्यावर. अशा शाळेत बदली होऊन आलेला नवा शिक्षक बहुवर्ग अध्यापन कुणाकडून शिकणार? डी.एड.ला असताना त्याने घेतलेले सराव पाठ एका इयत्तेचे आणि अर्ध्या-पाऊण तासाचे होते. उरलेलं तो स्वतःच्या वर्गात, मुलांच्या वर्षांची किंमत देऊन, हळूहळू शिकतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या हाताशी जे शहाणपण जमतं, तेही त्याच्याजवळच राहतं. डॉक्टर, वकील किंवा गवंडी आपल्यापेक्षा अनुभवी माणसाच्या शेजारी उभा राहून काम शिकतो. शिक्षकाला सेवेत आल्यानंतर ही संधी जवळजवळ कधीच मिळत नाही.

रचना मात्र आपल्याकडे आहे, हे आधी मान्य करायला हवं. शाळा एकट्या पडू नयेत, एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळांचं संकुल व्हावं आणि शिक्षकांनी एकमेकांना धरून राहावं, ही शिफारस 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाचीच. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. महाराष्ट्राने 1994 मध्ये साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख अशी व्यवस्था उभी केली. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरावी, शिक्षकांनी तिथे अडचणी मांडाव्यात, कुणीतरी पाठ घ्यावा, बाकीच्यांनी तो पाहावा, हा तिचा हेतू. जिल्हा पातळीवर संगमनेरची डाएट ही शिक्षक-प्रशिक्षण संस्था आहे. जगातल्या पुष्कळ देशांत शिक्षकांसाठी इतकी गावापर्यंत पोचलेली रचना सापडणार नाही. तरीही परिषदेचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, हे त्यात बसलेला प्रत्येक शिक्षक जाणतो. स्वागत, गुलाबपुष्प, मग परिपत्रकांचं वाचन, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि उरलेल्या वेळात एखादा नमुना पाठ. तो पाठही बहुधा मुलांशिवाय होतो. समोर बसलेले शिक्षकच तिसरीतली मुलं होतात आणि सगळी उत्तरं बरोबर देतात. ज्या कारणासाठी परिषद भरवायची, ते कारणच त्या दिवशी खोलीत नसतं. केंद्रप्रमुखांना दोष देऊन उपयोग नाही. वरून येणारी माहिती वेळेत गोळा झाली की नाही यावर त्यांची परीक्षा होते. पाठावर चर्चा झाली का, हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

सहकार्याचा अर्थ आपल्याकडे फार ढिला झाला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर प्रश्नपत्रिका टाकणं, टाचणाची पीडीएफ पुढे पाठवणं, एकमेकांच्या उपक्रमांच्या फोटोंना अंगठा दाखवणं, हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्यातून शिक्षक वाढत नाही. साहित्य देवघेवीत येतं, विचार येत नाही. शिक्षक वाढतो तो दुसऱ्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांनी आपला वर्ग पाहिला की. जपानी शिक्षकांची 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठाभ्यासाची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या 1999 मधल्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली. चार-पाच शिक्षक मिळून एक अवघड घटक निवडतात, त्याच्या एकाच पाठाची कित्येक दिवस तयारी करतात, मग एक जण तो खऱ्या वर्गात घेतो. बाकीचे मागच्या भिंतीला टेकून बसत नाहीत; ते मुलांजवळ उभे राहून मुलं काय करताहेत याची नोंद घेतात. नंतर चर्चा होते ती मुलांच्या विचारांवर, आणि सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. यातली खुबी साध्या उदाहरणाने कळेल. हातच्याच्या वजाबाकीत 52 मधून 27 वजा करताना पुष्कळ मुलं 35 लिहितात. फळ्याजवळ उभ्या शिक्षकाला दिसतं ते फक्त चुकलेलं उत्तर, आणि तो रीत पुन्हा सांगतो. मुलाशेजारी उभ्या सहकाऱ्याला दिसतं, की त्याने वरचा-खालचा अंक न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे मुलाचा नियम चुकला आहे, लक्ष चुकलेलं नाही. चाळीस मुलांसमोर एकटा उभा असलेला माणूस कितीही निष्णात असला तरी इतकं बारीक पाहू शकत नाही. दुसरे डोळे लागतातच. त्या पद्धतीत पाठ सगळ्या गटाचा असल्यामुळे तो फसला तर एकट्या घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हेही तितकंच मोलाचं.

हे परदेशातलं खूळ आहे, आपल्या मातीत रुजणार नाही, असं कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर नगर शहराच्याच इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि 1839 मध्ये नगरला. 1862 मध्ये नगरलाच त्यांचं निधन झालं. मुलींच्या शाळा चालवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जोतीराव फुल्यांचे स्नेही सदाशिव गोवंडे नगरला नोकरीस होते. त्यांच्याकडे आलेले जोतीराव फॅरारबाईंची शाळा पाहायला गेले, आणि तिथे मुलींना ज्या रीतीने शिकवलं जात होतं ते पाहून पुण्याला परतल्यावर त्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. ही हकिकत जोतीरावांच्या सांगण्यावरून 'ज्ञानोदय'ने 1853 मध्ये छापली, आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही 1842 मध्ये नगरमध्येच सुरू झालेलं. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही चरित्रकार फॅरारबाईंच्या नगरच्या शाळेचं नाव घेतात. या घटनेकडे आपण समाजसुधारणेचा टप्पा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण शिक्षक म्हणून पाहिलं तर त्यात आणखी काही दिसतं. जोतीरावांच्या मनात मुलींच्या शिक्षणाविषयी तळमळ आधीपासून असणार. तिला कामाचं रूप आलं ते चालू वर्ग समोर पाहिल्यावर. देश वेगळा, धर्म वेगळा, मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी वाद घालायला जागा होतीच. तरीही एका शिक्षिकेने आपला वर्ग उघडा ठेवला आणि पाहणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते घेतलं, आपल्या शाळेचा हेतू मात्र आपलाच ठेवला. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा इतका चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात असताना तो शिक्षक-प्रशिक्षणात कधी सांगितला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

नुसतं पाहून भागत नाही, हा धडा मात्र अलीकडचा. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या सोबतीने तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून तिकडे गेल्या, आणि 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आल्यावर तर हा ओघ फारच वाढला. शिक्षकांनी शिक्षकांकडे जाऊन शिकावं, याचा इतका मोठा प्रयोग राज्यात क्वचितच झाला असेल. त्यातून पुष्कळ शिक्षक खरोखर बदलले, हे नोंदवायलाच हवं. पण वर्षभरात गावोगावी ज्या गोष्टीची लागण झाली ती रंगवलेल्या फरशांची. जमिनीवर चौकटी, अंक, शब्दांच्या वर्तुळांची चित्रं आली. लोकवर्गणीतून रंग आला. मूल स्वतः अर्थ बांधतं, म्हणून शिक्षकाने सांगणं कमी करून कामं द्यायची, हा जो त्यामागचा विचार, तो पुष्कळ ठिकाणी फरशीपर्यंत पोचलाच नाही. एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसतं तेवढंच सोबत येतं. कुमठ्याचे शिक्षक आपसांत महिनोन्महिने जे बोलले असतील, चुकले असतील, पुन्हा करून पाहिलं असेल, ते भेटीच्या गाडीत मावत नाही. राज्याने 2018 च्या सुमारास महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदांच्या काही शाळा त्याला जोडल्या, त्यातल्या 'ओजस' म्हटलेल्या शाळांनी 'तेजस' नावाच्या इतर शाळा घडवायच्या अशी कल्पना मांडली. शाळेने शाळेला घडवावं, हे सूत्र मला पटणारं होतं. मंडळच थोड्या वर्षांत बंद झालं, त्यामुळे त्याची पुरती पारख झाली नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा, आणि तो खोटा नाही. निवडणूक, जनगणना, बीएलओची कामं, निरनिराळ्या ॲपवरच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशोब यांतून वर्गासाठीच वेळ काढावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली असली, तरी वगळलेल्या गोष्टीच थोड्या नाहीत. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. म्हणजे वेळ कागदावर मंजूर आहे. तो कशात जातो, हा खरा प्रश्न. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला अशा पायऱ्यांनी उतरणाऱ्या प्रशिक्षणात, नाहीतर मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्यात तो वेळ जातो. त्यातले निम्मे तास केंद्रातल्या शिक्षकांनी एकमेकांच्या चालू वर्गांत घालवले, तर एक पैसाही जास्त लागणार नाही. परिषदेच्या दिवशी एका शाळेची मुलं शाळेतच ठेवून सकाळचे दोन तास वर्ग पाहायचा, दुपारी त्यावर बोलायचं आणि परिपत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचायची, इतका हा साधा बदल आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. सहकार्य हुकमाने होत नाही. ठरवून दिलेलं सहकार्य नुसतं नाटक होतं, असं अँडी हारग्रीव्ज यांच्यासारखे अभ्यासकही सांगत आले आहेत. आपल्याकडे हे नाटक कसं होईल तेही सहज सांगता येतं: वर्गनिरीक्षणाचा तक्ता येईल, त्यात रकाने येतील, फोटो अपलोड करायला सांगितलं जाईल, आणि शिक्षक शेजारच्या शाळेत न जाता तक्ता भरतील. आपल्या शिक्षकाच्या मनात वर्गात येणारा दुसरा मोठा माणूस म्हणजे तपासायला आलेला माणूस, अशीच ओळख बसलेली आहे. साहेब येणार म्हटल्यावर फळा पुसला जातो, हुशार मुलं पुढे बसतात, शेरेबुक बाहेर निघतं. हे चित्र बदलायचं तर पाहणारा सहकारी पाठाच्या तयारीतही सामील असला पाहिजे, आणि पाहिलेल्या पाठाची नोंद वर कुठेही जाता कामा नये. ती त्या चार-पाच शिक्षकांमध्येच राहावी. अधिकाऱ्यांनी तास राखून द्यावा, मुलांची सोय लावावी आणि स्वतः दूर राहावं. हे त्यांच्यासाठी कठीण आहे, कारण ज्याचा अहवाल मिळत नाही ते झालं यावर विश्वास ठेवायला आपली व्यवस्था शिकलेली नाही. तरीही सक्तीचं सहकार्य फसतं म्हणून सहकार्यासाठी वेळच ठेवायचा नाही, हा तर्क चुकीचा आहे. तास सक्तीने ठरवता येतो. त्या तासात कोणता घटक घ्यायचा आणि कुणी कुणाच्या वर्गात जायचं, हे शिक्षकांवर सोडावं.

खासगी शाळांचा मुद्दा इथे आणावा लागतो, कारण पालकांना वाटतं शिक्षकांची खरी तयारी तिथेच होते. तालुक्याच्या गावी 'इंटरनॅशनल' नाव लावणाऱ्या कितीतरी शाळांत शिक्षक वर्ष-दोन वर्षांच्या करारावर असतो, पगार तुटपुंजा, आणि कोऑर्डिनेटर वर्गाच्या मागे बसून जे लिहिते त्यावर पुढच्या वर्षीची नेमणूक ठरते. अशा ठिकाणी आपल्याला अमुक शिकवणं जमत नाही, असं स्टाफरूममध्ये मोकळेपणी कोण म्हणेल? शेजारचा शिक्षक तिथे स्पर्धक असतो. म्हणून मला वाटतं, शिकण्यासाठी लागणारी सर्वांत मोठी सोय जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडे आधीच आहे, आणि ती म्हणजे नोकरीची शाश्वती. आपली अडचण कबूल केल्याने त्याची भाकरी जात नाही. शाश्वतीमुळे शिक्षक सुस्तावतात, असं लोक म्हणतात, काही सुस्तावतातही. पण तीच शाश्वती वर्गाचं दार उघडायला धीर देऊ शकते, ही तिची दुसरी बाजू कुणी वापरूनच पाहिलेली नाही. या जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांची स्वतःची सहकारी बँक आहे, तिच्या निवडणुका चुरशीने लढवल्या जातात. एकत्र येण्याची सवय आणि ताकद आहे. ती अध्यापनाकडे वळवायची आहे. अकोल्याच्या भाऊसाहेब चासकरांसारख्या शिक्षकांच्या पुढाकाराने उभा राहिलेला अ‍ॅक्टिव्ह टीचर्स फोरम हा त्या दिशेचा प्रयत्न, आणि तो कोणत्याही शासन निर्णयातून जन्मलेला नाही.

बदल्यांनी मात्र अशी कामं मोडतात. 2017 च्या धोरणानंतर जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या, वशिला कमी झाला, दुर्गम भागात वर्षानुवर्षं अडकलेल्यांना न्याय मिळाला. त्याबरोबर जुळून आलेले शिक्षकांचे गटही एका यादीने विखुरले. एखाद्या केंद्रात चार-पाच जण तीन वर्षं एकत्र काम करत असतील, तर त्यांना आणखी काही काळ एकत्र ठेवण्याची मुभा धोरणात असायला हवी, एवढंच यावर म्हणेन.

आता एकत्र येऊन करायचं काय, याबद्दल. परदेशी पुस्तकातले घटक शोधायची गरज नाही. या जिल्ह्यातच असे प्रश्न आहेत ज्यांची उत्तरं जिनिव्हात किंवा टोकियोत कुणाजवळ नाहीत. अकोल्याच्या डोंगरातली ठाकर आणि महादेव कोळी मुलं घरी बोलतात ती बोली आणि पहिलीचं पाठ्यपुस्तक यांत अंतर आहे. ते अंतर कसं ओलांडायचं हे तिथल्या काही शिक्षकांना नेमकं माहीत आहे आणि पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला नाही. त्याहून मोठा प्रश्न ऊसतोडीचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबं निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांतली काही सांगली-कोल्हापूर, कर्नाटकात जातात, तर काही याच जिल्ह्याच्या उत्तरेला, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे या कारखान्यांच्या पट्ट्यात. शिक्षण हमी कार्ड असलं तर मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत दाखल होऊ शकतं. पण पाथर्डीच्या ज्या बाईंनी त्याला जोडाक्षरांपर्यंत आणलं, त्या आणि राहुरीच्या ज्या गुरुजींच्या वर्गात ते नोव्हेंबरात येऊन बसतं, ते, ही दोन माणसं एकाच जिल्हा परिषदेच्या नोकरीत असून एकमेकांना ओळखत नाहीत. मूल काय वाचू शकतं, कुठे अडतं, कशावर बोलतं केलं की खुलतं, हे सारं गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं, आणि ते सापडेपर्यंत हंगाम संपत आलेला असतो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ देशांच्या शिक्षकांना वाटून दिली. बक्षिसाची बातमी होते, वाटून देण्याचीही झाली. ऊसतोडीच्या मुलांच्या दोन शिक्षकांचं एकत्र काम बातमी होण्यासारखं नाही, पण त्याला तसाच मनाचा मोठेपणा लागतो: माझ्या वर्गात हे मूल एवढंच शिकलं, हे दुसऱ्याला खरं सांगायचं. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या केंद्रांची जोडी लावता येईल. सप्टेंबरच्या परिषदेत पाठवणाऱ्या केंद्राने जाणाऱ्या मुलांची वाचन-गणिताची स्थिती एकत्र बसून लिहावी, हंगामात निदान एकदा त्या शिक्षकांनी घेणाऱ्या शाळेत जाऊन आपल्याच मुलांचा वर्ग पाहावा, आणि एप्रिलमध्ये घेणाऱ्या शिक्षकांनी उलट यावं. पाथर्डीहून राहुरी ही एका दिवसाची जा-ये आहे. या दोन भेटी कर्तव्यरजेत धरल्या आणि 50 तासांत मोजल्या, तर त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. लागेल तो गटशिक्षणाधिकाऱ्यांचा जुलैमधला एक आदेश, कारण कोणत्या वस्तीतली कोणती कुटुंबं कोणत्या कारखान्याकडे जाणार हे मुकादमांकडून दिवाळीच्या कितीतरी आधी कळलेलं असतं.